हिरड्याच्या अर्काची डीपीपीएच चाचणी: फळ निवडण्यापासून आकडा लिहिण्यापर्यंत

एकाच बरणीतला हिरड्याचा अर्क, एकच प्रयोगशाळा, दोन विद्यार्थिनी. अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायची होती, डीपीपीएच या जांभळ्या रसायनाने. एकीचा आयसी-५०, म्हणजे निम्मं डीपीपीएच संपवायला लागणारी अर्काची मात्रा, आला ३.९ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, दुसरीचा ७.६. दोघी माझ्या टेबलासमोर उभ्या. कोण चुकलं ते सांगा मॅडम. वह्या चाळल्या तर कुणीच चुकलेलं नव्हतं. एकीने डीपीपीएचचं द्रावण ०.१ मिलिमोलर केलं होतं, दुसरीने ०.२, आणि दोघींनी अर्क व द्रावण समसमान मिसळलं होतं. जांभळं रसायन दुप्पट घातलं की ते निम्मं संपवायला अर्कही साधारण दुप्पट लागणार. एवढं साधं आहे हे. तरी दरवर्षी निम्म्या प्रोजेक्टमध्ये डीपीपीएच नेमकं किती होतं ते लिहिलेलंच नसतं. मग त्या आयसी-५० ला काही अर्थ उरत नाही.

म्हणून ही चाचणी पहिल्यापासून, हिरड्याच्या उदाहरणाने सांगते. वनस्पती तुमची कुठलीही असो, गुळवेल, शेवगा, अडुळसा, कृती तीच.

आधी रसायन समजून घ्या

ज्या रेणूत एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरलेला असतो तो मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल. असे रेणू बहुधा क्षणभरही टिकत नाहीत, समोर दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात. डीपीपीएच मात्र स्थिर आहे. त्याची गडद पूड बाटलीत भरून विकत मिळते. ते पहिल्यांदा तयार झालं १९२२ मध्ये. अँटिऑक्सिडंट मोजायला ते वापरायची पद्धत मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली, आणि आजही आपण थोड्याफार फरकाने तीच करतो. मिथेनॉलमध्ये डीपीपीएच गर्द जांभळं दिसतं आणि ५१७ नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. एखाद्या रेणूने त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की जांभळा रंग उतरतो आणि फिकट पिवळा उरतो. रंग किती उतरला ते आपण स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाश-शोषण मोजणाऱ्या यंत्रावर मोजतो. बस.

हिरड्यात हे काम करणारे भिडू म्हणजे टॅनिन: चेब्युलॅजिक आम्ल, चेब्युलिनिक आम्ल, आणि त्यांच्या जोडीला गॅलिक व एलॅजिक आम्ल. कातडी कमावायला आणि कापडावर रंग पक्का बसवायला हिरडा वापरतात तो याच टॅनिनसाठी. दाताखाली धरला की जीभ आखडते, तेही त्यांच्यामुळेच.

फळ

‘बाजारातून हिरडा आणला’ एवढं लिहून भागत नाही. बाळहिरडा म्हणजे अठळी धरण्याआधीच वाळलेलं कोवळं, काळं फळ. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात गोळा करतात तो हा. सुरवारी हिरडा मोठा, पिकलेला, पिवळसर, आत टणक अठळी. दोघांतल्या टॅनिनचं प्रमाण सारखं नसतं. तुम्ही कोणता घेतला, कुठून, कोणत्या महिन्यात, हे पहिल्या पानावर आलं पाहिजे. शक्य असेल तर झाडावरून पानाफळांची डहाळी आणा आणि ओळख पक्की करून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम ही त्यासाठीची ठिकाणं. तिथून मिळालेला नमुना क्रमांक प्रबंधात द्या. नुसत्या पुडीवरून वनस्पती ओळखून मागू नका.

फळं धुवा, पुसा, सावलीत वाळवा. जुलैमध्ये कोकणात सावलीत वाळवायला ठेवाल तर चार दिवसांत बुरशी धरेल. तिथे सरळ ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. सुरवारी असेल तर फोडून अठळी काढून टाका, औषधात वापरतात ती साल-गर. मिक्सरमध्ये दळताना भांडं गरम होतं, त्यामुळे थांबत थांबत दळा. पूड चाळून हवाबंद बाटलीत भरा, बाटलीवर तारीख घाला.

अर्क

१० ग्रॅम पूड, १०० मिलि ७० टक्के मिथेनॉल. झाकण लावून २४ तास शेकरवर. गाळा, चोथ्यावर पुन्हा ताजं द्रावक, असं तीनदा. तिन्ही गाळणं एकत्र करून व्हॉटमन क्रमांक १ च्या कागदातून गाळा आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० ते ४५ अंशांना आटवा. पाणी आहे, त्यामुळे शेवटी वेळ लागतो. उरलेलं पाणी लायोफिलायझरवर (गोठवून वाळवणारं यंत्र), तो नसेल तर वॉटरबाथवर ४५ च्या आतच उडवा.

सॉक्सलेट, म्हणजे द्रावक उकळत ठेवून अर्क काढायचं उपकरण, दिसला की विद्यार्थ्यांना तो लावायचा मोह होतो. हिरड्यासाठी मी लावू देत नाही. तासन्‌तास उकळत्या द्रावकात मोठे टॅनिन तुटून गॅलिक आम्ल सुटतं. मग तुम्ही मोजता ते फळातलं नसतं, तुमच्या उकळण्यातून झालेलं असतं. काढ्याचाच अभ्यास करायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे उकळणं हाच विषय.

वाळलेला अर्क तोला. १० ग्रॅम पुडीतून ३.६ ग्रॅम निघाला तर उतारा ३६ टक्के. हा आकडा नोंदवाच. अर्काचा आयसी-५० उत्तम पण उतारा २ टक्के, आणि अर्काचा आयसी-५० मध्यम पण उतारा ३६ टक्के, यात खरी ताकदवान पूड कोणती हे उताऱ्याशिवाय कळणार नाही.

आणि एक. मिथेनॉल विष आहे. या अर्काची चव घेऊन बघायची नाही. उंदरांना किंवा पेशींना द्यायचा असेल तर पहिल्यापासूनच इथेनॉल किंवा पाण्यात काढा.

डीपीपीएचचं द्रावण

बहुतेकांचं गणित इथे फसतं, म्हणून सावकाश सांगते.

डीपीपीएचचा रेणूभार ३९४.३२, आणि १ मिलिमोलर म्हणजे एका लिटरात रेणूभाराइतके मिलिग्रॅम. म्हणजे ०.१ मिलिमोलर द्रावणाला १०० मिलिमध्ये ३.९४ मिग्रॅ लागतं. पण चार दशांशाच्या तराजूवर ३.९ मिग्रॅ तोलताना ०.१ इकडेतिकडे झालं तरी अडीच टक्क्यांची चूक झालीच. पंखा चालू असेल तर विचारूच नका. त्यापेक्षा १९.७ मिग्रॅ तोला आणि ५० मिलि मिथेनॉलमध्ये विरघळवा. हा १ मिलिमोलरचा स्टॉक. पूड लगेच विरघळत नाही, पाच मिनिटं सॉनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी ढवळणारं यंत्र) धरा. तळाशी एकही काळा कण नको. यातले २० मिलि घेऊन मिथेनॉलने २०० मिलि करा. झालं ०.१ मिलिमोलर. बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि द्रावण त्याच दिवशी वापरा. कालचं उरलेलं रंगाने बरं दिसलं तरी ते तेवढं राहिलेलं नसतं.

२०० मिलि जास्त वाटेल. हिशेब करा: अर्काच्या पाच पातळ्या, प्रत्येकी तीन नळ्या, प्रत्येकीत ३ मिलि, म्हणजे ४५. तुलनेसाठी लावायच्या क जीवनसत्त्वाचेही ४५. कंट्रोलचे, म्हणजे अर्काविना नुसत्या डीपीपीएचच्या नळ्यांचे, ९. झाले ९९. १०० मिलि केलं असतं तर एक नळी सांडली की प्रयोग तिथेच संपला.

नळ्या लावणं

अर्क १० मिग्रॅ, मिथेनॉल १० मिलि: १ मिग्रॅ प्रति मिलि. थोडा गढूळ राहिला तर काही थेंब पाण्याने सुटतो, पण मग कंट्रोलमध्येही तेवढंच पाणी घाला. यातून १ मिलि घेऊन १० मिलि करा, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमचं द्रावण मिळेल. त्याचे ०.८, १.६, २.४, ३.२ आणि ८ मिलि वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये घेऊन प्रत्येक १० मिलिपर्यंत भरा. आता तुमच्याकडे ८, १६, २४, ३२ आणि ८० मायक्रोग्रॅम प्रति मिलि अशी पाच द्रावणं आहेत. एका वेळच्या भरणीत १०० चं द्रावण १६ मिलि लागतं, म्हणून ते १० नव्हे, २० मिलि तयार ठेवा: स्टॉकचे २ मिलि, एकूण २०.

नळीत या द्रावणाचा १ मिलि आणि वर डीपीपीएच ३ मिलि. एकूण ४ मिलि. म्हणजे अर्क चौपट पातळ झाला: २, ४, ६, ८ आणि २० मायक्रोग्रॅम. आणि डीपीपीएचही ०.१ राहिलं नाही, ०.०७५ मिलिमोलर झालं. तक्त्यात जाणार ते नळीतले अंतिम आकडे. फ्लास्कवर लिहिलेला आकडा तक्त्यात टाकलात तर तुमचा अर्क चारपट दुबळा दिसेल, आणि व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात.

कंट्रोल: १ मिलि मिथेनॉल, ३ मिलि डीपीपीएच. यंत्र शून्यावर आणायला ब्लँक: निव्वळ मिथेनॉल. पाणी नव्हे. हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

तिसरा असतो अर्काचा ब्लँक, आणि तोच सगळे विसरतात: १ मिलि अर्क, ३ मिलि मिथेनॉल, डीपीपीएच नाही. अर्काचा स्वतःचा रंग ५१७ ला किती भर घालतो ते यातून कळतं. हिरड्याच्या पातळ द्रावणात फार फरक पडत नाही. जांभूळ किंवा कोकम घेतलंत तर मात्र पडतो, कारण त्यांचा लाल-जांभळा रंग नेमका याच पट्ट्यात प्रकाश खातो. आमच्याकडे एका गटाने जांभळाच्या सालीचा अर्क तपासला. जितका अर्क जास्त, तितकं शमन (डीपीपीएच किती टक्के संपलं ते) कमी. ‘जांभूळ प्रो-ऑक्सिडंट आहे’ (म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या उलट) असा निष्कर्ष टाइप होऊन बाइंडिंगला निघाला होता. अर्काचा ब्लँक वजा केला आणि तो निष्कर्ष एका दुपारीत उडाला.

डीपीपीएच सगळ्या नळ्यांत एकदम ओतू नका. घड्याळ लावा, दर ३० सेकंदांना एका नळीत घाला, हलवा, झाकण लावा, अंधारात ठेवा. तीस मिनिटांनी त्याच क्रमाने, तितक्याच अंतराने वाचा. क जीवनसत्त्व डीपीपीएचशी क्षणात जुळतं, टॅनिन हळूहळू काम करत राहतात. पहिली नळी ३० व्या आणि शेवटची ५५ व्या मिनिटाला वाचली तर तो फरक अर्काचा नाही, तुमच्या हाताचा आहे. एप्रिलमध्ये प्रयोगशाळा ३८ अंशांवर असते, उघड्या नळीतून मिथेनॉल उडतं आणि रंग आपोआप गडद होतो. झाकणं नसतील तर पॅराफिल्म. क्युव्हेट (यंत्रात द्रावण भरून ठेवायची छोटी चौकोनी नळी) काचेची चालेल, दृश्य प्रकाशाला क्वार्ट्झची गरज नाही.

कंट्रोलचं रीडिंग ०.८ च्या आसपास यावं. ०.५ आलं तर डीपीपीएच कमी पडलं, जुनं झालं किंवा नीट विरघळलं नाही. अर्काला हात लावायच्या आधी ते दुरुस्त करा.

गणित

अर्काच्या रीडिंगमधून अर्काचा ब्लँक वजा करा. ते उत्तर कंट्रोलमधून वजा करा, कंट्रोलने भागा, १०० ने गुणा. समजा कंट्रोल ०.८४२, नमुना ०.३१५, अर्काचा ब्लँक ०.०२१. मग ०.३१५ मधून ०.०२१ गेले, राहिले ०.२९४. कंट्रोलमधून ते गेल्यावर ०.५४८. शमन ६५.१ टक्के.

आयसी-५० म्हणजे निम्मं डीपीपीएच संपवायला लागणारी मात्रा. एक्सेलमध्ये सगळे बिंदू निवडून ट्रेंडलाइन टाकली आणि समीकरणातून ५० चं उत्तर काढलं, ही सर्रास रीत आहे, आणि ती कशी फसवते ते बघा. समजा तुमचे आकडे असे आले: २ ला १९ टक्के, ४ ला ३६, ६ ला ५२, ८ ला ६७, २० ला ९२. वर हौसेने ४० आणि ८० सुद्धा घेतले, दोन्हींना ९४. सातही बिंदूंतून सरळ रेषा काढली तर आयसी-५० येतो ३.७. पण ४ मायक्रोग्रॅमला तर ३६ टक्केच शमन झालं आहे! मग ३.७ ला पन्नास कसं होईल? वक्र वर जाऊन सपाट झाला आहे, आणि ते सपाट बिंदू रेषेला खाली दाबून डावीकडे उचलतात. फक्त पहिले चार बिंदू घ्या, जिथे रेषा खरोखर सरळ आहे. उत्तर येतं ५.८. मोठ्या मात्रा हव्याच असतील तर सिग्मॉइड (इंग्रजी S सारखा) वक्र बसवणारं सॉफ्टवेअर वापरा. नाहीतर २० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात किमान चार मात्रा बसवा आणि तेवढ्यांवरच रेषा काढा. अंदाज नसेल तर आदल्या दिवशी एकेका नळीत १, १०, १०० अशी धावती चाचणी करून घ्या.

आता क जीवनसत्त्व. बरेच जण ते ‘तुलनेसाठी’ म्हणून लावतात आणि तुलना करून सोडून देतात. माझ्या मते त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे: तुमची प्रयोगशाळा बरोबर चालली आहे का ते तपासणं. त्याचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू संपवतो. नळीत डीपीपीएच ०.०७५ मिलिमोलर, त्याचं निम्मं ०.०३७५, त्याला लागणार ०.०१८७५ मिलिमोलर क जीवनसत्त्व. रेणूभार १७६.१२ ने गुणा: ३.३ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. तुमच्या नळ्यांत याच्या जवळपास आकडा आला पाहिजे. आयसी-५० १५ आला तर क जीवनसत्त्वाचं द्रावण शिळं आहे (ते पाण्यात तासातासाला बिघडतं, रोज ताजं करा) किंवा डायल्यूशनमध्ये घोळ आहे. आणि दुसऱ्या कुणाच्या लेखातला ‘क जीवनसत्त्वाचा आयसी-५०’ ०.०७५ लाच मोजलेला असेल असं धरू नका. त्यांनी डीपीपीएच किती घेतलं ते आधी शोधा.

तीन नळ्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन द्या, पण एकाच अर्काच्या तीन नळ्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. पूड तीनदा तोलून, तीनदा अर्क काढून जो फरक दिसतो तो खरा फरक.

सोबत काय करावं

एका चाचणीवर प्रोजेक्ट उभा करू नका. एकूण फिनॉल मोजणं स्वस्त आणि सोपं: ०.५ मिलि अर्क, दहापट पातळ केलेलं फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मक २.५ मिलि, पाच मिनिटांनी ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मिलि, अर्ध्या तासाने ७६५ नॅनोमीटरला निळा रंग. आलेख गॅलिक आम्लाचा. लक्षात ठेवा, हे अभिकर्मक क जीवनसत्त्व आणि काही साखरांनाही दाद देतं. आवळ्याचा आकडा फुगतो तो काही अंशी यामुळे. दुसरी चाचणी हवी तर फ्रॅप, ५९३ नॅनोमीटरची. तिच्यात मूलक नसतोच, फेरिक लोहाचं फेरस होतं. किंवा एबीटीएस, ७३४ ला: त्याचं द्रावण पोटॅशियम परसल्फेटसोबत रात्रभर अंधारात ठेवावं लागतं, म्हणून ठरवून आदल्या संध्याकाळी करा.

निष्कर्षात काय लिहू नये

‘म्हणून हिरडा कर्करोग, मधुमेह व हृदयविकारावर उपयुक्त आहे.’ हे वाक्य दिसलं की मी खोडते. डीपीपीएच शरीरात कुठेच नसतं. मिथेनॉलही नसतं. हिरड्याचे मोठे टॅनिन आतड्यातून जसेच्या तसे रक्तात फारसे जात नाहीत. त्यातल्या एलॅजिक आम्लाचं आतड्यातले जिवाणू युरोलिथिन बनवतात, आणि पुढे जातं ते हे वेगळंच रसायन. परीक्षानळीतल्या आकड्यांवरून आरोग्याचे दावे होऊ लागले म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा आपला ओरॅक तक्ता २०१२ मध्ये काढून टाकला. त्याआधीचा धडा फिनलंडचा: २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या अभ्यासात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. निष्कर्ष छापून आला १९९४ मध्ये. बीटा-कॅरोटीन अँटिऑक्सिडंट म्हणूनच दिलं होतं.

तुम्ही लिहा ते असं: ‘सुरवारी हिरड्याच्या गराचा ७० टक्के मिथेनॉलमधला अर्क (उतारा ३६ टक्के) ०.०७५ मिलिमोलर डीपीपीएचविरुद्ध, ३० मिनिटांनी, ५१७ नॅनोमीटरला तपासला. आयसी-५० ५.८ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, त्याच दिवशी क जीवनसत्त्वाचा ३.४.’ आकडे अर्थातच तुमचे. एवढ्या ओळीत दुसरा कुणीही तुमचा प्रयोग पुन्हा करून बघू शकतो.

उरलेला अर्क छोट्या बाटल्यांत वाटून उणे २० अंशांना ठेवा, एकच बाटली रोज काढघाल करू नका. आणि संध्याकाळी जमलेलं पिवळं-जांभळं मिथेनॉल सिंकमध्ये ओतू नका, कोपऱ्यातल्या टाकाऊ द्रावकांच्या कॅनमध्ये ओता. कॅन भरला असेल तर लॅब असिस्टंटला आधी विचारा, दुसरा कुठे ठेवलाय ते त्यांनाच माहीत असतं.